नगरच्या नाटकाला परीक्षण हवेच

नाटकवाल्यांच्या गप्पांत हल्ली एक मत हमखास ऐकू येते. ते इतक्या ठामपणे मांडले जाते की ऐकणारा मान डोलावून मोकळा होतो. मत असे : नाट्यपरीक्षणाचे दिवस गेले. पूर्वी पेपरात परीक्षण यायचे, लोक ते वाचून नाटक बघायचे की नाही ते ठरवायचे. आता मध्यंतरातच प्रेक्षक मोबाइलवर चार ओळी लिहून टाकतो, तिकिटाच्या ॲपवर मत नोंदवतो, रात्री घरी पोहोचायच्या आत फेसबुकवर कलाकारांबरोबरचा फोटो चढवतो. प्रत्येक प्रेक्षकच समीक्षक झाला, मग वेगळा समीक्षक हवा कशाला? मुंबई-पुण्यात एखादा असला तर असू दे. पण नगरसारख्या गावात, जिथे नाटकाला माणसे जमवताना नाकी नऊ येतात, तिथे परीक्षणाचे चोचले कुणाला परवडणार?

हे मत मला साफ अमान्य आहे. ते चुकीचे आहे, आणि आता अहिल्यानगर झालेल्या आमच्या जिल्ह्याच्या रंगभूमीचे त्याने दर हंगामात नुकसान होते आहे. म्हणून त्याचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा, प्रत्येक प्रेक्षक समीक्षक झाल्याचा. प्रेक्षकाने मोबाइलवर काय लिहिलेले असते? ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘पैसा वसूल’, ‘चुकवू नका’, आणि खाली टाळ्यांच्या चित्रांची रांग. लिहिणाऱ्याला नाटक आवडले, एवढे त्यातून कळते. ते सांगण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे आणि त्याच्या आनंदाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण संगमनेरला किंवा श्रीरामपूरला बसून ‘नगरला जाऊन हे नाटक बघावे का’ असा विचार करणाऱ्या माणसाच्या हाती काय लागले? नाटक कशाबद्दल आहे, दुसऱ्या अंकात ते ढेपाळते का, दिग्दर्शकाने संहितेत नसलेले काही दाखवले का, नट स्वतःच्याच मालिकेतल्या लकबी इथेही वापरतो का, यातले काहीही त्याला समजत नाही. शिवाय या ओळींपैकी किती पदरचे तिकीट काढून आलेल्यांच्या आणि किती पास देऊन बोलावलेल्यांच्या, हेही कळायला मार्ग नाही.

नाटक सुटल्यावर चहाच्या टपरीवर मते मांडणारा प्रेक्षक मराठी रंगभूमीला पहिल्यापासून लाभला आहे. त्या मतांनी नाटके चालली आणि पडलीही. पण म्हणून समीक्षक माधव मनोहरांची गरज संपली असे त्या काळी कुणी म्हटले नाही. मराठी नाटक कोणत्या परदेशी नाटकावरून उचलले आहे हे त्यांना दाखवता येई, कारण तेवढे वाचलेले आणि पाहिलेले त्यांच्या पाठीशी होते. पुष्पा भावे, कमलाकर नाडकर्णी, जयंत पवार यांनी एखाद्या प्रयोगाबद्दल लिहिले तेव्हा त्यामागे आधीच्या शेकडो प्रयोगांची आठवण उभी होती. नवे नाटक त्या आठवणीच्या शेजारी ठेवून बघणे हे समीक्षकाचे काम आहे. ते मध्यंतरात उरकत नाही. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आला, पण ती आठवण आणि तो अभ्यास त्याच्याबरोबर आलेला नाही.

आणि ॲपवरच्या त्या तारकांचे काय? पाचपैकी किती, हा आकडा आज अनेकांना परीक्षणापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण तो शेकडो लोकांनी मिळून दिलेला असतो. हे माप एका नाटकाला लावून बघू. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. एकोणीस प्रयोगांनंतर ज्या संस्थेने ते उभे केले तिनेच ते थांबवले. त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा रंगमंचावर आणले. निम्म्या लोकांना ते नाटक म्हणजे इतिहासाची विटंबना वाटत होती, निम्म्यांना मराठी रंगभूमीवरचा चमत्कार. त्या वेळी तारका असत्या तर अर्ध्यांनी एक दिली असती, अर्ध्यांनी पाच, आणि सरासरी आली असती तीन. तीन तारकांचे बरे नाटक! ज्या नाटकाने महाराष्ट्राला भांडायला लावले, त्याचे हे मोजमाप झाले असते. ते भांडण लेखांतून झाले, मुद्द्यांना मुद्दे भिडले, म्हणून आज आपण ‘घाशीराम’कडे कसे बघायचे ते शिकलो. सरासरीला भांडता येत नाही. ज्या नाटकाबद्दल भांडता येत नाही, ते फार काळ आठवतही नाही.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा म्हणून मांडला जातो : परीक्षण वाचून कुणी तिकीट काढत नाही, माउथ पब्लिसिटीच चालते. हे म्हणणाऱ्यांनी ‘वस्त्रहरण’ची हकिगत आठवावी. गंगाराम गवाणकरांचे हे मालवणी नाटक मच्छिंद्र कांबळी यांनी १९८० मध्ये आणले. सुरुवातीला प्रेक्षक फिरकेना, नाटक बंद करायची पाळी आली. पु. ल. देशपांड्यांनी ते पाहिले आणि मनापासून कौतुकाचे पत्र लिहिले. ते पत्र जाहिरातीत छापून आले आणि चित्र पालटले. पुढे या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. पुलंनी लिहिलेले पत्रच होते, रीतसर परीक्षण नव्हे, हे कबूल. पण लोकांनी विश्वास कशावर ठेवला? नाटक जगलेल्या, नाटक कळणाऱ्या आणि आपल्या नावानिशी लिहिणाऱ्या एका माणसाच्या शब्दावर. जाणत्याचा लिखित शब्द प्रेक्षकाला नाट्यगृहापर्यंत आणतो, याहून मोठा दाखला कोणता हवा?

पण माझा खरा आक्षेप याही पुढचा आहे. परीक्षणाचे काम तिकिटे खपवणे आहे, हे गृहीतच मुळात चूक आहे. १९५८ च्या मे महिन्यात लंडनमध्ये हॅरल्ड पिंटर नावाच्या तरुण नाटककाराचे ‘द बर्थडे पार्टी’ लागले. दैनिकांनी त्याला झोडपून काढले आणि आठ प्रयोगांत नाटक उतरले. ‘संडे टाइम्स’मध्ये हॅरल्ड हॉब्सन यांचे परीक्षण रविवारी छापून आले तेव्हा त्याचा एकही प्रयोग शिल्लक नव्हता. त्या परीक्षणाने एक तिकीट खपले नाही. पण हा नाटककार अस्सल आहे, हे त्याने छापील शब्दांत ठणकावून सांगितले, आणि पिंटर लिहिता राहिला. २००५ मध्ये त्याला नोबेल मिळाले. दैनिकांतले समीक्षक चुकले होते, हे खरेच. मात्र त्यांची चूक दाखवून दिली तीही दुसऱ्या समीक्षकानेच. ते काम तिकीटखिडकीवरच्या आकड्याच्या हातून झाले नाही, आणि होणारही नव्हते.

हे लंडनचे उदाहरण मी नगरसाठी मुद्दाम दिले. नगरच्या हौशी नाटकाचा बहुतेक वेळा एकच प्रयोग होतो. ‘प्रयोग होऊन गेला, आता लिहून काय उपयोग?’ असे विचारणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. ज्याचा प्रयोग पुन्हा होणार नाही, त्याच्याबद्दलच लिहिण्याची गरज सर्वांत मोठी आहे.

आता तिसरा मुद्दा : इंटरनेटमुळे मुंबईचे परीक्षण त्याच दिवशी नगरला वाचता येते, मग नगरला वेगळा समीक्षक कशाला? मुंबईचे परीक्षण मुंबईत उभ्या राहिलेल्या नाटकाचे असते. ते नाटक दौऱ्यावर इथे येईल तेव्हा ते जरूर उपयोगी पडेल. पण माउली सभागृहात जे उभे राहते त्याचे काय? महाराष्ट्र राज्य हौशी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिची नगर केंद्रावरची प्राथमिक फेरी सावेडीच्या माउली सभागृहात रंगते. नगरबरोबरच कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर भागातल्या संस्था रात्ररात्र तालमी करून, नोकऱ्या सांभाळून, पदरमोड करून नाटक उभे करतात. महाकरंडक एकांकिका स्पर्धेसाठी तर राज्यभरातले संघ इथे येतात. या साऱ्याबद्दल मुंबईचा समीक्षक लिहिणार आहे का? पुणे इथून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर असेल, पण तिथला पेपरही इथल्या प्राथमिक फेरीसाठी माणूस पाठवत नाही.

मग या नाटकांची नोंद कशी राहते? दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी येते. तिचा साचा आता पाठ झाला आहे. नाटकाचे नाव, संस्थेचे नाव, मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन, ‘रसिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला’ हे वाक्य, मग लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा अशी नावांची माळ, आणि शेवटी कलाकार. वीस-पंचवीस नावे असतात. नाटकात काय घडले याबद्दल एक ओळ नसते. स्पर्धा संपली की निकाल येतो : प्रथम, द्वितीय, तृतीय, अभिनयाची रौप्यपदके, प्रमाणपत्रे. ते नाटक पहिले का आले आणि दुसरे मागे का पडले, हे प्रेक्षकाला कुणीच सांगत नाही. तीन परीक्षकांनी जे टिपले असेल ते त्यांच्या कागदांवर राहते. अशाने नगरच्या रंगभूमीचा इतिहास म्हणजे नुसत्या याद्या होऊन बसल्या आहेत.

याद्यांत काय हरवते ते पाहा. अभिनेते सदाशिव अमरापूरकर या नगरात १९५० मध्ये जन्मले, इथल्याच हौशी रंगभूमीवर घडले. पुढे ‘हँड्स अप’ नाटकातले त्यांचे काम चित्रपट दिग्दर्शक गोविंद निहलानींच्या नजरेस पडले आणि १९८३ च्या ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी साऱ्या देशाने पाहिला. निहलानींनी पाहिले ते आपल्याला कळते. पण त्याआधी नगरच्या मंचावर हा नट कसा उभा राहायचा, कोणत्या वाक्यावर थांबायचा, आवाज कसा लावायचा, याचे तपशीलवार लेखन किती सापडते? ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणीत ते राहिले, आणि ती माणसे आता एकेक करून जात आहेत. आज एखादा अमरापूरकर माउली सभागृहात काम करत असेल, तर त्याच्याबद्दलही आपण ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ एवढेच लिहून थांबणार का?

चौथा मुद्दा सर्वांत भावनिक आणि म्हणून सर्वांत घातक : गाव लहान आहे, सगळे ओळखीचे, पोरे हौसेने करतात, परखड लिहिले तर ती खचतील आणि आधीच तोळामासा असलेली चळवळ मरेल. यात मुलांबद्दल प्रेम दिसते, पण त्यांच्यावर विश्वास दिसत नाही. नगर जिल्हा कुस्तीचा. तालमीत वस्ताद पोराची चूक सगळ्यांदेखत दाखवतो, म्हणून पोर आखाडा सोडून जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे लंगोट कसून पुन्हा येते. नाटकातली पोरे एवढी नाजूक आहेत, असे आपण कोणत्या आधारावर ठरवले?

स्पर्धेतल्या एका नाटकाबद्दल सांगतो, नाव घेत नाही. कर्जापायी बाप गेलेल्या शेतकरी घराची गोष्ट होती. शेवटच्या प्रवेशात आई बापाचा सदरा दोरीवरून काढते, घडी घालते, परत उलगडते, परत घडी घालते. आईचे काम करणारी मुलगी ते फार समजून करत होती. बोटे सदऱ्याच्या खिशापाशी थांबायची, जणू आत अजून तंबाखूची पुडी असेल. इतक्यात ध्वनिक्षेपकातून सारंगीचा सूर सभागृहभर घुमला, मंचावर निळा प्रकाश ओतला गेला आणि तिच्या चेहऱ्यावर अंधार आला. मागच्या रांगांना ती बोटे दिसलीच नाहीत. मुलगा शेवटचे वाक्य विंगेकडे तोंड करून बोलला, ते दहाव्या रांगेपलीकडे पोहोचले नाही. त्या रात्री मोबाइलवर सगळीकडे एकच होते : डोळ्यांत पाणी आणणारा प्रयोग!

या संस्थेचे भले कशाने झाले असते? कुणी लिहायला हवे होते की त्या प्रवेशाला संगीताची गरज नाही, ती मुलगी एकटी तो प्रवेश पेलते. प्रकाश चेहऱ्यावर आणि हातांवर ठेवा. वाक्य प्रेक्षकांकडे वळून घ्या. असे लिहून आले असते तर दोन तालमींत हे सगळे सुधारता आले असते. निवड झाली असती तर अंतिम फेरीला ते नाटक निराळे दिसले असते. ज्या मुलीने इतके सुंदर काम केले तिला नेमके काय चांगले केले ते कळले असते. ‘खूप छान’ या दोन शब्दांनी तिला काय मिळाले? खोट्या कौतुकाने पोरे खचत नाहीत हे खरे, पण ती आहेत तिथेच राहतात, आणि पाच वर्षांनी संसाराला लागून नाटक सोडून देतात.

लहान गावात समीक्षा होत नाही, हेही खरे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या लेखनाचा आरंभ एका नाटकावरच्या टीकालेखानेच केला आणि पुढे आयुष्य वऱ्हाडात वकिली करत काढले. त्यांना कुणी ‘तुम्ही मुंबईत राहत नाही, तुम्ही नाटकाबद्दल लिहू नका’ असे म्हटले नाही. आणि नगरचे म्हणाल तर चित्रपट दिग्दर्शक नागराज मंजुळे आणि भाऊराव कऱ्हाडे इथेच शिकले. त्यांच्या चित्रपटांवर देशभर बरे-वाईट लिहून आले, ते दोघे त्याने मोडले नाहीत. परखड शब्द पचवायची ताकद या मातीत आहे. कमी आहे ती लिहिणाऱ्यांची.

परीक्षण नसले की पोकळी राहत नाही, तिथे दुसरेच काही येऊन बसते. ते पाहायचे तर जिल्ह्यातल्या तमाशाकडे पाहावे. संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचे गाव. कांताबाई सातारकरांनी आपला फड याच संगमनेरातून चालवला आणि २०२१ मध्ये त्या गेल्या. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा हा रात्रभराचा खेळ. जत्रेत त्याला मिळणारा प्रेक्षक कुठल्याही शहरी नाटकाला हेवा वाटावा असा. पण वगाबद्दल लिहिणारे किती? सोंगाड्याने एखाद्या प्रसंगात गावच्या राजकारणावर आयत्या वेळी काय बोट ठेवले, हे दुसऱ्या दिवशी कुठे वाचायला मिळते? कुठेच नाही. मोबाइलवर फिरते ती अर्ध्या मिनिटाची नाचाची चित्रफीत. लाखो लोक तमाशा म्हणजे तेवढेच समजतात. मग जत्रेत वग सुरू झाला की पोरे उठतात आणि सिनेमाची गाणी मागतात. फडमालकाला गाणी वाढवावी लागतात, वग आखडता घ्यावा लागतो. कलेचे मोल ठरवणारे शब्द नाहीसे झाले की मोल ठरवते ती चित्रफीत. इंटरनेटच्या युगात प्रेक्षकावर प्रभाव कुणाचा, या प्रश्नाचे आमच्या जिल्ह्यातले उत्तर हे आहे. तमाशाचे जे झाले ते उद्या नाटकाचे होणार नाही, अशी खात्री कुणी देईल का?

यावर सांगितले जाते की नगरच्या नाट्यगृहाचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला आहे, आधी ते मागा, परीक्षणाचे मग बघू. नाट्यगृह हवेच, त्याबद्दल दुमत नाही. पण परीक्षणाला सिमेंट लागत नाही, निविदा लागत नाही, निधीची वाट बघावी लागत नाही. दोन अंक लक्ष देऊन पाहणारा माणूस लागतो आणि पेपरात अर्धा रकाना लागतो. जे उद्या सकाळी करता येते ते न करता जे आपल्या हातात नाही त्याकडे बोट दाखवणे, ही पळवाट आहे.

इंटरनेटशी माझे वैर नाही. उलट छापील पानावरची जागा आटली आहे, ती कसर इंटरनेटवर भरून काढता येईल. आठशे शब्दांचे परीक्षण तिथे कुणी कापत नाही. ते दहा वर्षांनी शोधले तरी सापडते, आणि नगरचे लेखन पुण्या-मुंबईचा निर्माता त्याच रात्री वाचू शकतो. हे साधन आपल्या हाती आले असताना आपण ते टाळ्यांची चित्रे पाठवण्यासाठी वापरत असू, तर दोष साधनाचा नाही. समीक्षा संपली असे म्हणणाऱ्यांनी ती संपताना पाहिलेली नाही, त्यांनी ती लिहिणे सोडून दिले आहे.

म्हणून पुन्हा सांगतो : इंटरनेटच्या युगात परीक्षणाची गरज कमी झालेली नाही, वाढली आहे. जिथे मते भरमसाट आहेत तिथे जाणता शब्द अधिक लागतो. जिथे प्रयोग एकच आहे तिथे त्याची नोंद अधिक लागते. आणि जिथे सगळे एकमेकांच्या ओळखीचे आहेत तिथे नावानिशी खरे बोलणारा माणूस सर्वांत जास्त लागतो. नगरला या तिन्ही गोष्टी लागू आहेत. स्पर्धेच्या दिवसांत नगरच्या संपादकांनी रोज अर्धा रकाना परीक्षणासाठी राखावा. महाविद्यालयांतल्या मराठीच्या आणि नाट्यशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रयोगाला न्यावे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून लिहून घ्यावे. नाट्यसंस्थांनी टीका छापून आली की फोन करून जाब विचारण्याची सवय सोडावी. आणि ज्या नगरकरांनी आयुष्यभर नाटक पाहिले आहे, ज्यांना ते कळते, त्यांनी आता गप्प बसू नये. तिकीट काढून जा, दोन्ही अंक पाहा, आणि जे वाटले ते आपले नाव घालून लिहा.